फजिती आणि फादिहा



आपल्या नातवंडांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'फादिहा'. बसमध्ये चढल्यावर राव-काव कार्ड सापडलं नाही, फादिहा. वर्गात बाईंना चुकून 'ईमा' म्हटलं, फादिहा. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला ओळखीचा वाटला होता. पुढे समजलं की हिब्रूच्या रस्त्यावरच्या बोलीत तो अरबीतून आला आहे, आणि आपली 'फजिती' सुद्धा त्याच अरबी शब्दापासून, फारसीच्या वाटेने मराठीत आलेली. म्हणजे पाहा, आपण कोकणातून, मुंबईतून आपली फजिती बरोबर घेऊन इथे आलो, तर तिची सख्खी बहीण इथे आधीच घर करून बसलेली!

आज मी आमच्या घरच्या काही फजित्या सांगणार आहे. नुसतं हसण्यासाठी नाही. हसायचं तर हसाच. पण माझं असं मत झालं आहे की आपल्या घरातली मराठी मलिद्याच्या ताटावर आणि लग्नाच्या मेंदीत जेवढी टिकते, त्याच्यापेक्षा जास्त ती अशा फजितीच्या बोलण्यात टिकते. आणि ती टिकली तर कधी कधी फार मोठ्या कामाला येते.

आमचं कुटुंब लोदला राहतं. माझे यजमान मुंबईचे, माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलेले. 1969 साली इथे आले. उलपानमध्ये हिब्रू शिकले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं कारखान्यात हिब्रूतच काम केलं. घरात मराठी, बाहेर हिब्रू, असा त्यांचा शिरस्ता होता. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय देवाच्या कृपेने बरेच सुधारले, पण हिब्रू गेली. मराठी मात्र राहिली. शब्द हळू येतात, कधी अडतात, पण येतात. त्यांच्यासमोर कोणी भराभर हिब्रू बोललं की ते हसतात आणि मान हलवतात. नव्या माणसाला वाटतं, आजोबांना सगळं समजलं. त्यांना काहीच समजलेलं नसतं.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई, ज्यांना इथे 'क्लिनाईत तिकशोरेत' म्हणतात, त्यांनी आम्हाला सांगितलं की दोन भाषा येणाऱ्या माणसांच्या बाबतीत असं होऊ शकतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणाची लहानपणची भाषा राहते, कोणाची रोजच्या वापरातली. फ्रान्समधले पित्र नावाचे एक डॉक्टर होते, त्यांनी 1895 साली अशा रुग्णांवर लिहिलं आहे, म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, "जी भाषा त्यांच्याकडे आहे त्या भाषेत भरपूर बोला. घरातल्या सगळ्यांनी बोला."

आता 'सगळ्यांनी' म्हणजे कोणी? मी बोलते. आमचा मुलगा बोलतो, पण अर्धं वाक्य हिब्रूत जातं. सूनबाई मोरोक्कन घरातली, तिला 'या, बसा, जेवा' एवढं येतं, आणि तेवढं ती फार प्रेमाने बोलते. राहिली नातवंडं. मोठा नातू लष्करातली सेवा संपवून इंजिनियर व्हायला हैफाला गेला आहे. त्याला लहानपणी मराठी समजत असे, बोलायला मात्र लाजायचा. म्हणायचा, "आजी, माझी मराठी ऐकून सगळे हसतात." मी म्हटलं, "मग हसण्यासारखंच सांग ना. दर गुरुवारी रात्री फोन कर आणि आठवड्यात तुझी काय काय फजिती झाली तेवढंच सांग. अभ्यासाचं, मार्कांचं, मैत्रिणींचं अब्बा-ईमाला हिब्रूत सांग. फजिती मात्र आम्हाला मराठीत."

असा आमचा गुरुवारचा कार्यक्रम सुरू झाला. फोन टेबलावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा, आणि आम्ही दोघं चहाचे कप घेऊन बसायचं.

पहिली फजिती पोह्यांची. मी त्याला जाड पोह्यांचं पाकीट, मोहरी, हळद, हिंग असं सगळं बांधून दिलं होतं. स्वारीने पोहे भातासारखे पाण्यात घालून वीस मिनिटं शिजवले. खोलीतला जोडीदार डोकावून म्हणाला, "हे भिंतीला लावायचं आहे का?" नातवाने मला फोनवर विचारलं, "आजी, भिंतीला कागद लावतात त्याला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "खळ." झालं! ह्यांना एवढं हसू आलं की चहा सांडला. झटक्यानंतर असे मोकळे हसलेले मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आणि मग त्यांनी स्वतः, एकेक शब्द जुळवत, नातवाला सांगितलं, "पोहे... भिजवायचे. चाळणीत. शिजवायचे... नाहीत." एवढं लांब बोलणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

दुसरी फजिती हिंगाची. त्याने हिंगाची डबी उघडून टेबलावर ठेवली आणि व्याख्यानाला निघून गेला. दुपारी शेजारच्या खोलीतल्या मुलांना वास आला. त्यांना वाटलं गॅस गळतो आहे. खिडक्या उघडल्या, वीज बंद केली, पोरं जिन्यावर येऊन उभी राहिली आणि गॅसवाल्याला फोन झाला. त्या पोरांना तरी काय म्हणायचं? स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधक असलेलं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. आणि आपल्या हिंगाचा वासही गंधकाच्या संयुगांमुळेच येतो. तेव्हा त्यांची नाकं बरोबरच होती. गॅसवाला आला, यंत्र फिरवलं, शेवटी डबी हातात घेऊन म्हणाला, "ही तुमची गळती." आता ती डबी तीन पिशव्यांत गुंडाळलेली असते आणि मजल्यावरची मुलं तिला 'आजीचा बॉम्ब' म्हणतात.

तिसरी धुण्याची. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे किप्पुरला, आपल्यात पांढरे कपडे घालतात. त्याने आदल्या आठवड्यात पांढरे सदरे आणि एक लाल टॉवेल एकाच वेळी यंत्रात टाकले. सगळे सदरे गुलाबी! सिनागोगमध्ये त्याच गुलाबी सदऱ्यात उभा राहिला. आमच्याकडचे एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "बाळा, पापं धुऊन पांढरी झाली, पण रंग सदऱ्याला लागला वाटतं." नातवाने हे बोलणं जसंच्या तसं पाठ केलं आणि पुढच्या गुरुवारी आबांना म्हणून दाखवलं. 'आबा' म्हणजे आजोबा. बापाला 'अब्बा', आजोबांना 'आबा', त्यामुळे त्याच्या मित्रांना वाटतं की ह्याला दोन बाप आहेत. ही फजिती वेगळीच.

चौथी कानाची, आणि ही नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हैफाच्या बात गलीमच्या समुद्रावर तो पोहायला गेला आणि कानात पाणी जाऊन दोन दिवस ऐकूच येईना. मला म्हणाला, "आजी, माझा कान बंद झाला." मी सांगितलं, "त्याला कानाला दडा बसला असं म्हणतात." "दडा?" "हो, दडा. जांभई दे, थुंकी गीळ, सुटेल. नाही सुटला तर डॉक्टरकडे जा." त्याला हा शब्द फार आवडला. मग पुढे काही दिवस लिफ्ट बंद पडली की 'लिफ्टला दडा बसला', संगणक अडकला की 'संगणकाला दडा बसला'. चुकीची मराठी असेल, पण मी सुधारली नाही. ऐकायला गोड वाटायची.

असे गुरुवार चालले असताना ह्यांनी एक दिवस म्हटलं, "हैफा... बघायचं. बंदर." झटक्यानंतर ते लोदच्या बाहेर दवाखान्याशिवाय कुठे गेले नव्हते. मुलाने लगेच ठरवलं, हनुक्काच्या सुट्टीतल्या शुक्रवारी सगळ्यांनी जायचं. मी, हे, मुलगा, सूनबाई, धाकटी नात, आणि तिथे मोठा नातू भेटणार. लोदहून हैफा सुमारे 100 किलोमीटर. शुक्रवारचा दिवस, त्यातून हिवाळ्याचा, म्हणजे शब्बाथ लवकर. तेव्हा सकाळी लवकर निघायचं आणि दुपारी परतायचं, असा बेत.

ज्यांनी हैफा पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते तीन मजली गाव आहे. खाली समुद्राला लागून बंदर आणि जुनी बाजारपेठ, त्याला 'इर तहतीत' म्हणजे खालचं शहर म्हणतात. तरुण मुलं सरळ 'डाऊनटाऊन' म्हणतात. मध्ये हदार. आणि वर कार्मेल डोंगराचा माथा. ह्या तिन्ही मजल्यांना जोडणारी जमिनीखालची गाडी आहे, तिचं नाव कार्मेलित. 1959 साली सुरू झाली. वरचं स्टेशन गान हाएम, खालचं किकार पारीस, मध्ये चार, अशी सहा स्टेशनं. सगळा मार्ग दोन किलोमीटरहूनही कमी, पण चढ एवढा की गाडीच्या डब्यात पायऱ्या आहेत आणि फलाटही जिन्यासारखे. दोन गाड्या एकाच लोखंडी दोराला बांधलेल्या. एक खाली जाते तेव्हा दुसरी वर येते. नातवाने हे सगळं आबांना हात वर-खाली करून समजावलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "रहाटावरच्या... दोन घागरी." नातवाला रहाट माहीत नव्हता. मग मोटारीत बसल्या बसल्या आबांनी त्याला विहीर, रहाट, पोहरा सगळं शिकवलं.

मुलाने मोटार वर माथ्यावर गान हाएमजवळ लावली. तिथून थोडं चाललं की रस्त्याच्या कठड्यावरून सगळं दिसतं. पायाखाली बहाई लोकांच्या बागांचे हिरवे टप्पे, 2001 साली लोकांसाठी उघडलेले, मध्ये सोनेरी घुमट, आणि त्याच्याही खाली बंदर. क्रेन, बोटी, निळं पाणी. हे बराच वेळ बघत राहिले. नातू म्हणाला, "आबा, 2023 पासून ह्या बंदराचा मोठा वाटा इंडियाच्या कंपनीकडे आहे, अदानी." हे म्हणाले, "मग खाली... चहा बरा मिळेल." आम्ही सगळे हसलो आणि कार्मेलितमध्ये बसायला निघालो.

सुट्टीमुळे गर्दी होती. आम्हाला एकत्र जागा मिळाली नाही. ह्यांना खालच्या पायरीवर दाराजवळ जागा मिळाली, त्यांच्या शेजारी एक सैनिक मुलगी बसली होती. मी आणि धाकटी दोन पायऱ्या वर. मुलगा, सूनबाई, नातू त्याहून वर उभे. ह्यांना आठवडाभर सर्दी होती. गाडी उतरायला लागली, बोगद्याचा आवाज, आणि ह्यांच्या कानाला दडा बसला. त्यांनी हात कानावर ठेवला आणि म्हणाले, "कान! कान!"

वाचकहो, हिब्रूत 'कान' म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. 'इथे'!

त्याच वेळी गाडी मसादा स्टेशनवर थांबली. दार उघडलं. एक म्हातारा मनुष्य दाराजवळ बसून कळवळून 'इथे! इथे!' म्हणतो आहे. ती मुलगी गुणाची. तिला वाटलं, आजोबांना इथे उतरायचं आहे आणि गर्दीत उठता येत नाही. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं, लोकांना बाजूला केलं, हळूच फलाटावर उतरवलं, आणि स्वतः पण त्यांच्याबरोबर उतरली. आजूबाजूच्या लोकांनी सुद्धा मदत केली. ह्यांना कोणी काही म्हणालं की ते हसतात आणि मान हलवतात हे मघाशी सांगितलंच. तेव्हाही ते हसले आणि मान हलवली. माझ्या आणि त्यांच्या मध्ये चार-पाच माणसं उभी. मी हाक मारेपर्यंत दार लागलं. काचेतून मला ते फलाटावर उभे दिसले, एक हात कानावर. आणि गाडी निघाली.

त्या एका मिनिटात माझ्या मनात काय आलं ते लिहिता येणार नाही. त्यांना आपला पत्ता हिब्रूत सांगता येत नाही. फोन खिशात होता, पण झटक्यापासून तो त्यांना नीट चालवता येत नाही. पुढचं स्टेशन हानेवीईम. दार उघडायच्या आत नातवाने बापाला हिब्रूत ओरडून सांगितलं, "तुम्ही खाली जाऊन थांबा, मी वर जातो," आणि उडी मारून गेला. खाली गेलेली गाडी परत वर येईपर्यंत तो थांबणार नव्हता. रस्त्यावर येऊन हदारच्या चढाने पळत सुटला. आम्ही म्हातारी माणसं त्या चढाने चालूनही गेलो नसतो.

पुढचं मी नातवाकडून आणि त्या मुलीकडून ऐकलं. तो पोचला तेव्हा हे फलाटावरच्या बाकावर बसले होते आणि मुलगी समोर पाण्याची बाटली घेऊन उभी होती, रडायच्या बेतात. तिने विचारलं होतं, "पाणी हवं?" ह्यांनी म्हटलं, "ना, ना." आता हिब्रूत 'ना' म्हणजे विनवणीचा शब्द. 'कृपा करून' म्हणतात तो. तिला वाटलं, आजोबा गयावया करताहेत. तिने बाटली आणखी पुढे केली. हे आणखी जोरात, "ना! ना!" मग तिने विचारलं, कोणाला फोन करू? हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी... मी..." म्हणजे 'मी लोदचा' असं काहीतरी सांगायचं असेल. पण 'मी' म्हणजे हिब्रूत 'कोण?' ती बिचारी म्हणाली, "आजोबा, मी पण तेच विचारते आहे, कोण?"

एवढ्यात नातू धापा टाकत आला. आजपर्यंत समोरासमोर तो आबांशी हिब्रूतच सुरुवात करायचा, मराठी फक्त फोनवर. त्या दिवशी तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, कानाला दडा बसला? तू जांभई दे." हिब्रूत लहानमोठ्या सगळ्यांना एकच 'अता', त्यामुळे तो आजोबांनाही 'तू' म्हणतो, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली, थुंकी गिळली आणि म्हणाले, "सुटला." मग त्या मुलीकडे बोट करून नातवाला म्हणाले, "पोरगी... चांगली आहे. तिला सांग... पाणी नको. चहा." नातवाने भाषांतर केलं तेव्हा ती पोरगी हसता हसता रडली. तिची आजी ट्युनिसची. म्हणाली, शेवटच्या वर्षात आजी फक्त तिकडचं अरबी बोलायची आणि घरात कोणाला समजायचं नाही.

पुढच्या गाडीने तिघं खाली किकार पारीसला आले. मी कधी कोणाला रस्त्यावर मिठी मारत नाही. त्या दिवशी त्या मुलीला मारली.

मग खालच्या शहरात सगळ्यांनी मिळून फलाफेल खाल्लं, धाकटीने दोन सुफगानियोत खाल्ल्या आणि सगळा जाम अंगावर सांडला. सूनबाई म्हणाली, "फादिहा!" हे म्हणाले, "फजिती!" आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू आजच ओळख झाली.

निघण्याआधी नातवाला एक जागा दाखवायची होती. खालच्या शहरात याफो रस्त्यावर इंडियन सैनिकांची कबरस्तान आहे. पहिल्या महायुद्धात, 23 सप्टेंबर 1918 रोजी, जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी भाले-तलवारी घेऊन तुर्की मशीनगनांच्या समोर धाव घेतली आणि हैफा जिंकलं. जोधपूरचे मेजर दलपतसिंह त्या लढाईत पडले. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला 2018 साली ह्याच गावाचं नाव जोडलं गेलं. शब्बाथची घाई होती, म्हणून आम्ही पाच मिनिटंच तिथे उभे राहिलो. नातवाने ही गोष्ट आबांना मराठीत सांगितली. तलवारीला शब्द सापडला, भाल्याला सापडला नाही, तेव्हा त्याने हाताने दाखवलं. आबांनी शब्द दिला, "भाला." नातवाने तो दोनदा म्हटला.

शब्बाथच्या आधी आम्ही लोदला पोचलो. आधी हनुक्काच्या वाती लावल्या, मग शब्बाथचे दिवे, जशी रीत आहे. त्या रात्री हे जेवताना एकटेच हसत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "खळ."

आता मला जे सांगायचं आहे ते.

आपल्यापैकी जे पन्नास-साठच्या दशकात किंवा नंतर इथे आले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत, त्याहून पुढेही. दवाखान्यात, वृद्धाश्रमात, घरी देखभालीला येणाऱ्या माणसांशी त्यांची गाठ हिब्रूत पडते. आजारपणात सगळ्यांचीच हिब्रू जाईल असं नाही. पण दुखताना, घाबरलं असताना माणसाच्या तोंडून कोणती भाषा येईल हे आधी सांगता येत नाही. आणि आपल्या मराठीचे काही शब्द हिब्रू कानाला अगदी उलटे ऐकू येतात. 'कान' म्हणजे त्यांना 'इथे'. कान दुखतो म्हटलं की नर्स तुमचा हात जिथे असेल तिथे दाबून बघणार. 'ना' म्हणजे नकार नव्हे, विनवणी. नको असलेलं औषध आणखी पुढे येणार. 'मी' म्हणजे 'कोण'. 'काल' म्हणजे 'सोपं' किंवा 'हलकं'. 'कालपासून दुखतं' म्हटलं तर त्यांना वाटेल हलकंच दुखतं. 'डाग' म्हणजे मासा. अंगावर डाग आलाय हे कोणी कसं समजावं! 'ही' म्हणजे हिब्रूतही बाईच, एवढं एक सुदैव.

आम्ही त्या दिवसानंतर एक कार्ड केलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिब्रूत ह्यांचं नाव, मुलाचा फोन नंबर, आणि खाली एक ओळ की हे फक्त मराठी बोलतात. मग दहा शब्द, हिब्रू लिपीत मराठी उच्चार आणि समोर हिब्रू अर्थ. कान म्हणजे ओझेन, पाणी म्हणजे मायिम, दुखतं म्हणजे कोएव, ना आणि नको म्हणजे लो, बाकीचे रोजच्या गरजेचे. एक प्रत ह्यांच्या खिशात, एक दवाखान्याच्या फाइलीत, एक फ्रिजवर. देखभालीला येणाऱ्या बाईंनी ते आठवड्यात पाठ केलं. आता त्या सकाळी आल्यावर विचारतात, "पाणी? चहा?" आणि हे त्यांच्याशी बोलतात.

पण कार्डावर दहा शब्द मावतात. 'दडा' त्यात नव्हता. तो नातवाला माहीत होता, कारण त्याच्या स्वतःच्या कानात पाणी गेलं होतं आणि त्याने ती फजिती आम्हाला सांगितली होती. म्हणून माझी विनंती आहे. नातवंडांना 'मराठी बोल, मराठी बोल' म्हणून धाकात घेऊ नका. त्यांची परीक्षा घेऊ नका, चुका काढू नका. आठवड्यातून एकदा फोन करा आणि विचारा, "काय रे, ह्या आठवड्यात काय फजिती झाली?" मग तुमचीही एखादी सांगा. मुंबईच्या चाळीतली सांगा, मोशावातली सांगा, उलपानमधली सांगा. प्रत्येकाकडे आहेत.

आणि 'कान', 'ना', 'काल' यांच्यासारख्या आणखी जोड्या तुमच्या लक्षात आल्या असतील तर ह्या पत्रिकेकडे जरूर लिहून पाठवा. आपण सगळ्यांच्या मिळून एक मोठी यादी करू, म्हणजे ती ज्याच्या घरी गरज आहे त्याला कापून फ्रिजवर लावता येईल. आमच्या फ्रिजवर अजून जागा आहे.

सर्वांना शालोम आणि चांगलं आरोग्य लाभो.